बी लावायचं की फांदी?

हापूस खाल्ला, कोय परसात पुरली, रोप आलं, आठ-दहा वर्षं जपलं आणि शेवटी फळ धरलं ते बारकं, आंबट, दोरेदार. ही तक्रार कोकणात आणि घाटावरही घरोघरी ऐकू येते. उलट शेजारणीकडून आणलेल्या मोगऱ्याच्या काडीला मात्र तिच्या मोगऱ्यासारखीच फुलं येतात, तीच पाकळ्यांची दाटी, तोच वास. कोयीनं फसवलं आणि काडीनं शब्द पाळला असं आपल्याला वाटतं. खरं तर दोघींनी आपापलं काम चोख केलेलं असतं. ते काम कोणतं हे एकदा नीट समजलं, की कोणतं झाड कशापासून करायचं, कधी करायचं आणि लावलेलं बी किंवा काडी मधेच का कुजते, हे कोडं बरंचसं सुटतं.

गर आईचा, कोय दोघांची

हापूसचा मोहोर फुलला की त्यावर माश्या बसतात. त्याआधी त्या शेजारच्या रायवळावर, म्हणजे कोयीतून वाढलेल्या गावठी आंब्यावर, किंवा पायरीवर बसून आलेल्या असतात आणि तिथले पराग त्यांच्या अंगाला चिकटलेले असतात. त्यातून जे फळ धरतं त्याचा गर पूर्णपणे आईच्या शरीराचा असतो. म्हणून बाप कोणीही असला तरी हापूसच्या झाडावरचं फळ हापूसच लागतं. कोयीच्या आतला गर्भ मात्र आई-बाप दोघांचा. त्यातच हापूस स्वतः अनेक पिढ्यांच्या मिश्रणातून आलेला, त्यामुळे बाप हापूसच असला तरी मुलात गुण वेगळ्याच जुळणीनं उतरतात. सख्खी भावंडं दिसायला आणि स्वभावाला वेगळी असतात, त्यातलाच हा प्रकार.

फांदीच्या बाबतीत आई-बाप हा प्रश्नच येत नाही. मोगऱ्याची काडी लावतो तेव्हा जुनंच झाड नव्या जागी पुढे जगू लागतं. पोर्तुगीज काळात गोव्यात आंब्याची कलमं बांधण्याची कला रुजली आणि चांगली निघालेली झाडं फांदीच्या वाटेनं वाढवली जाऊ लागली. हापूस आणि मानकुराद ही त्या परंपरेतली नावं. रत्नागिरी-देवगडातलं आजचं हापूसचं कोणतंही कलम घ्या, ते आधीच्या एखाद्या हापूसच्या काडीतून आलेलं असतं, तो हापूस त्याच्या आधीच्या काडीतून. ही साखळी कुठेच तुटलेली नाही.

फांदी आपलं वयही बरोबर आणते. कोयीतून आलेल्या रोपाला बालपण काढावं लागतं, त्या वर्षांत ते फुलत नाही. फळणाऱ्या झाडाची काडी आधीच वयात आलेली असते. म्हणून आंब्याचं कलम चार-पाच वर्षांत फळ द्यायला लागतं आणि रायवळाला त्याच्या दुप्पट वाट पाहावी लागते.

कोकमात हा फरक आणखी महागात पडतो. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून लावली तर साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं फुलं आल्यावरच, म्हणजे कित्येक वर्षं पाणी घातल्यावर. मादी झाडाच्या काडीचं कलम केलं की हा जुगार संपतो. त्यातही काडी वर सरळ वाढणाऱ्या फुटव्याची घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर कलम पुढेही आडवंच पसरत राहतं, ते वर उठत नाही.

मग बी कशाला? कारण नवं काही हवं असेल तर ते बहुतेक वेळा बियातूनच येतं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात ‘रत्ना’ ही जात तयार झाली आणि 1981 मध्ये ती शेतकऱ्यांसाठी आली. त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पुढे पातळ कोयीची ‘सिंधू’ निघाली. कधी कधी फांदीसुद्धा वाट बदलते. सोलापूर-सांगलीकडे थॉम्पसन द्राक्षाच्या बागांत वेगळे मणी धरणाऱ्या वेली शेतकऱ्यांच्या नजरेनं टिपल्या आणि त्यातून तास-ए-गणेश, सोनाका ही वाणं आली. पण हे अपवादानं घडतं. आणि या द्राक्षांत बीच नसल्यामुळे ती टिकवायची तर काडीशिवाय मार्गच नाही.

काही पिकं मात्र बियातूनही जवळजवळ तशीच येतात. वाल, चवळी, घेवडा, टोमॅटो, भात यांची फुलं बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळतात, त्यामुळे पिढ्यानुपिढ्या गुण स्थिर झालेले असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासारख्या पिकांचे आणि भाताचे गावठी वाण जपले आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काम घरच्या बियाण्यावर होऊ शकलं याचं एक कारण हा स्वभाव. दुधी, भोपळा, काकडी यांचं तसं नाही. त्यांची नर-मादी फुलं वेगळी, पराग माश्यांकडून येतो, त्यामुळे बाजूला दुसरी जात असेल तर बी भेसळीचं होतं. आणि पाकिटावर ‘एफ वन’ किंवा ‘संकरित’ लिहिलेल्या टोमॅटोचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका. त्या पहिल्या पिढीची एकसारखी जोमदार वाढ दुसऱ्या पिढीत फुटते, एका वाफ्यात दहा तऱ्हांची झाडं दिसतात.

कागदी लिंबाची गोष्ट अगदी वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. त्याच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात. त्यातला एक परागातून झालेला, बाकीचे आईच्याच पेशींपासून बनलेले, म्हणजे तिच्या फांदीइतकेच तिचे. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’ लिंबाची रोपं सर्रास बियांपासून केली जातात आणि तरी लिंबू तसंच मिळतं. वाफ्यात जे रोप इतरांपेक्षा वेगळं, खुरटं दिसेल तेवढं काढून टाकायचं.

बी जागं होतं तेव्हा

कोरड्या बियात जीव असतो, पण त्याचा श्वास इतका मंद असतो की जवळपास थांबलेलाच. पाणी आत गेलं की गर्भ संप्रेरक सोडतो, त्यानं विकरं तयार होतात आणि साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते. मोड आलेली मटकी कच्ची चावली तर गोडसर लागते ती यामुळे. मग सर्वांत आधी मूळ बाहेर पडतं, कोंब नंतर. आधी पाण्याची सोय, मग पानांची.

या सगळ्याला पाणी, हवा आणि ऊब अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. आपण दोनच लक्षात ठेवतो, हवा विसरतो. स्वयंपाकघरात मात्र ती कुणी विसरत नाही. मटकी रात्रभर भिजवून सकाळी पाणी काढून टाकतात आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवतात. पाण्यातच ठेवली तर मोड येत नाहीत, वास येतो. कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतणारा माणूस बियांचं नेमकं हेच करतो. मातीत वाफसा हवा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये.

खोलीचा साधा हिशेब असा, की बी आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावं. भोपळ्याचं बी बोटाच्या पेराएवढं खोल गेलं तरी वर येतं. तुळशीची मंजिरी चुरून निघालेलं मोहरीहून बारीक बी इतकं खोल घातलं तर त्याची शिदोरी वाटेतच संपते. असलं बी वाळू किंवा बारीक मातीत मिसळून पृष्ठभागावर पसरावं, वरून हातानं नुसतं दाबावं आणि पाणी झारीनं नाही तर फवाऱ्यानं द्यावं.

सगळी बियाणी ओलावा मिळाल्यावर लगेच उठत नाहीत. रानात पहिल्या वळवाच्या सरीनंतर सगळंच उगवलं तर पुढच्या उघडिपीत सगळंच मरेल. म्हणून पुष्कळ झाडांनी बियांना कुलपं घातलेली आहेत आणि आपलं काम ते कुलूप ओळखण्याचं. बहावा, गुलमोहर, चिंच यांचं कवच पाणी आत जाऊ देत नाही. एका टोकाला दगडावर किंचित घासावं, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून ते पाणी गार होईपर्यंत राहू द्यावं. फुगलेलं बी पेरायला तयार, न फुगलेल्याला पुन्हा तोच उपचार. कारल्याच्या बियांचं टोक नेलकटरनं अलगद तोडून ते रात्रभर भिजवलं की उगवण एकसारखी होते. पपईच्या बियाभोवतीची बुळबुळीत पिशवी उगवण रोखते. ते बी राखेत चोळून, धुऊन सावलीत वाळवायचं. धने हे तर मुळात फळ, आत दोन बिया. चप्पल किंवा लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा. भुगा होता कामा नये.

सागाचं फळ सगळ्यांत हट्टी. रोपवाटिकेत ते दिवसा उन्हात वाळवून, रात्री भिजवून, असं आलटून पालटून कित्येक दिवस करतात. त्याचं रोप वाढवण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. वाफ्यात वर्षभर वाढलेलं, अंगठ्याएवढं जाड झालेलं रोप उपटतात, वरचं खोड जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर ठेवतात, खालचं मूळ वीतभर ठेवतात, बाकी सगळं छाटून टाकतात. ही झाली सागजडी. पहारीनं भोक पाडून ती पावसाळ्याच्या तोंडावर दाबून बसवतात आणि तिला नवे फुटवे येतात. बी आणि छाट, दोन्ही वाटा एकाच रोपात.

याच्या उलट फणस, आंबा, जांभूळ, कोकम, कढीपत्ता. यांच्या बियांना झोप ठाऊकच नाही. त्या ओल्या असतात तोवर जिवंत, वाळल्या की मेल्या. फणसाच्या आठळ्या उन्हात वाळवून पुढच्या वर्षी लावू म्हणणं फुकट आहे. फळ खाल्लं त्याच आठवड्यात लावाव्यात. कढीपत्त्याची काळी पिकलेली फळं गर काढून लगेच पेरली की चांगली उगवतात. नर्सरीतून आणलेली कोरडी बी बहुतेक रुसते.

वाळवता येणाऱ्या बियांचंही आयुष्य सारखं नसतं. कांद्याचं बी घरात ठेवलं तर वर्षभरात खूपच मरगळतं, टोमॅटोचं चार वर्षं तरी टिकतं. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली खजुराची बी सुमारे 2000 वर्षं जुनी होती. ती 2005 मध्ये रुजली आणि तिचं झाड झालं. तिथल्या अतिशय कोरड्या हवेचा हा परिणाम. आपल्या दमट पावसाळ्यात हाच कोरडेपणा मिळत नाही, म्हणून बी घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी राखेची पुरचुंडी टाकून ठेवलेलं बरं.

पेरण्याआधी उगवण तपासण्याची पद्धत सोयाबीनच्या शेतकऱ्यांना चांगली माहीत आहे. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यावर 100 दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, ओल राखायची आणि आठवड्याच्या आत निरोगी कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर बियाणं शिफारशीच्या प्रमाणात पेरायला योग्य, कमी आले तर त्या हिशेबानं जास्त टाकायचं, फारच कमी तर बियाणं बदलायचं. गच्चीवरच्या चार कुंड्यांसाठी दहा दाणे ओल्या रुमालात ठेवले तरी हेच कळतं. उगवलं नाही की आपण मातीला आणि नशिबाला दोष देतो, पण पुष्कळदा बी आधीच मेलेलं असतं.

आणि रोपं वर आल्यावर एका रात्रीत मातीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ती मर. जमिनीतली बुरशी, तिला लागणारी दलदल आणि दाटीवाटी, एवढंच तिचं भांडवल. बी विरळ पेरा, पाणी सकाळी द्या, पेरताना ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी बियांना चोळा. मेलेली रोपं मातीसकट काढा. त्यावर आणखी पाणी ओतणं हा सगळ्यांत वाईट उपाय.

काडीला मूळ कुठून येतं?

काडीवर कुठेही मूळ नसतं आणि तरी ते फुटतं, यामागची गोष्ट अशी. सालीच्या आत, लाकडाच्या बाहेर पेशींचा एक पातळ ओलसर थर असतो. त्या पेशी आयुष्यभर विभागू शकतात. त्यांना ‘मूळ व्हा’ असा हुकूम देणारं द्रव्य म्हणजे ऑक्झिन. ते शेंड्याच्या कोवळ्या पानांत आणि डोळ्यांत, म्हणजे जिथून नवे कोंब फुटतात तिथे, तयार होतं आणि खाली खाली सरकतं. फांदी कापली की खाली सरकायला जागा उरत नाही, ते कापाजवळ साचतं आणि तिथून मुळं निघतात. 1920 च्या दशकात हॉलंडमधले फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबाच्या टोकातून हे द्रव्य अगरच्या तुकड्यात उतरवून दाखवलं. पुढच्या दशकात त्याचाच भाऊ असलेलं आयबीए वापरात आलं. कृषी केंद्रात मिळणारी ‘रूटिंग पावडर’ तीच.

हे समजलं की काडी उलटी लावायची नसते याचं कारणही कळतं. प्रवाहाची दिशा काडीत ठरलेली असते, डोकं खाली केल्यानं ती बदलत नाही. घोटाळा होऊ नये म्हणून माळी लोक खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ घेतात.

जास्वंदीची काडी घेऊन पाहू. पेन्सिलीएवढी जाड, फार हिरवी नाही आणि फार करड्या सालीची नाही अशी फांदी सकाळी कापावी, तेव्हा ती पाण्यानं भरलेली असते. साधारण वीतभर तुकडा, त्यावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली घ्यायचा, कारण मुळं तिथे जास्त सहज निघतात. कात्री बोथट असेल तर साल चेचते आणि कूज तिथूनच शिरते, म्हणून धारदार ब्लेड घ्या आणि ते आधी स्पिरिटनं पुसा. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची आणि तीही अर्धी कापायची. कळी असेल तर खुडायची. मन धजत नाही, पण काडीतली शिल्लक सगळी कळी खाऊन टाकते.

पानं अर्धी का? मूळ नाही म्हणजे पाणी येत नाही, पण पानांतून ते उडतच राहतं. पानं सगळी काढली तर ऑक्झिन आणि साखर येणं बंद. सगळी ठेवली तर काडी दोन दिवसांत वाळते. त्यामुळे उडणं कमी करायचं. काडी सावलीत ठेवा, वर पारदर्शक पिशवी किंवा तळ कापलेली बाटली घाला आणि रोज थोडा वेळ ती उघडा. आत दव जमत असेल तर ठीक, पाणी ओघळत असेल तर फार झालं.

काडी खोचायची ती धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात. शेणखत नको, गांडूळखत नको. मूळ नसलेल्या काडीला खत खाता येत नाही, आणि खताचा ओलावा बुरशीला मात्र आवडतो. आधी काठीनं भोक पाडा, काडी तृतीयांश ते निम्मी आत घाला, बाजूची वाळू दाबून बसवा. काडी ढकलत घुसवली तर लावलेली पावडर वरच खरवडून जाते.

मग हात आवरायचे. आठ-दहा दिवसांत वर हिरवे कोंब दिसतात आणि लोक आनंदानं काडी मोठ्या कुंडीत हलवतात, तिथे ती मरते. ते कोंब काडीतल्या साठ्यावर आलेले असतात, खाली अजून फक्त कापाभोवती फिकट गाठीसारखा पेशींचा थर आलेला असतो. महिना-दीड महिन्यानं काडी अगदी हलकी ओढून पाहावी. विरोध जाणवला तर मुळं धरली आहेत.

पावडरीबद्दल एक सांगायला हवं. जास्वंद, क्रोटन, अडुळसा यांसारख्या झाडांना तिची फारशी गरज नसते. जिथे मुळं अवघड, तिथे ती खरंच उपयोगी पडते, पण चिमूटभर. जास्त लावली तर डोळे दबतात आणि काप काळा पडतो. मध, दालचिनी लावण्याचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. दालचिनी फार तर बुरशीला थोडी आवरते, मुळं फोडण्याचं काम या दोन्हींकडून होत नाही.

काही झाडांची तऱ्हा न्यारी. चाफा, शेर, निवडुंग यांच्या कापातून चीक किंवा रस गळतो. त्यांची फांदी आठवडाभर सावलीत पडू द्यावी, काप सुकून घट्ट झाला की कोरडसर वाळूत लावावी, पाणी बेतानं. मनी प्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर देठाला मुळं येतात, पान महिनोन्महिने हिरवं राहतं, पण वेल कधीच येत नाही, कारण डोळा पेरावर असतो, पानावर नसतो. वेल हवी तर पेर घ्यायलाच हवं. स्नेक प्लांटच्या पानाचे आडवे तुकडे मात्र नवं रोप देतात. फक्त पिवळ्या काठाच्या जातीचा तुकडा लावला तर रोप साधं हिरवं येतं. तो पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो, आणि नवं रोप ज्या पेशींतून उगवतं त्यांत तो नसतो. पिवळा काठ टिकवायचा तर मूळगड्ड्यासह झाड विभागावं लागतं. पानफुटीला तर आपली गरजच नाही, पानाच्या काठावरच तिची पिल्लं तयार होतात.

काळ पावसाळ्याचा बरा, साधारण जूनचा शेवट ते ऑगस्ट. हवेतच ओलावा असतो, पिशवी-बाटलीची कटकट कमी. मोगरा, जाई, जास्वंद, कण्हेर यांसाठी हेच दिवस. पुरंदरच्या पट्ट्यात अंजीर पिकलेल्या सालीच्या काड्यांपासूनच वाढवतात. आणि शेवगा. जुन्या पद्धतीत हाताएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर खोवून देतात आणि ती लागते. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम-1 ही जात मात्र बियांपासून लावायची म्हणूनच काढलेली. वाऱ्याची जागा असेल तर मी बियाचा शेवगा लावीन. बियाला सोटमूळ असतं, छाटाला फक्त बाजूला पसरणारी मुळं येतात.

पाणी चालू ठेवून मूळ काढणं

डाळिंबाच्या बागांत ‘भगवा’ जातीची रोपं गुटी कलमानं करतात. पद्धत अशी, की फांदी झाडावरच ठेवून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या जागी अडीच-तीन सेंटिमीटरची सालीची गोल पट्टी काढायची, तिच्या वरच्या कडेला पावडर लावायची, भिजवून पिळलेलं मॉस (वाळलेलं शेवाळ) भोवती बांधायचं आणि वरून प्लास्टिक घट्ट आवळायचं. पाणी वर नेणाऱ्या नळ्या लाकडात असतात, त्या शाबूत राहतात, म्हणून फांदी तहानलेली राहत नाही. साखर आणि ऑक्झिन खाली आणणारी वाट सालीत असते, ती तुटते, म्हणून दोन्ही कापाच्या वरच्या कडेला साचतात. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती करडी होऊ लागली की खालून फांदी कापायची. ज्या झाडाच्या काड्या तुमच्याकडे वारंवार सुकतात, त्यांच्यावर पावसाळ्यात ही युक्ती करून पाहा. पेरूची फांदी खाली वाकवून मातीत दाबली की होणारं दाब कलम याच विचाराचं.

आंब्याच्या काडीला मुळं काढणं फार अवघड, आणि कोकणच्या कातळाला छाटाची वरवरची मुळं पुरणारही नाहीत. तिथे बी आणि फांदी एकत्र येतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं बसवून दिलेलं कोय कलम पाहायचं तर जुलैत एखाद्या कोकणी रोपवाटिकेत जायला हवं. जूनमध्ये वाफ्यावर रायवळाच्या ताज्या कोयी मांडलेल्या असतात. दहा-पंधरा दिवसांचं, अजून तांबूस पानांचं रोप कोयीसकट उचलतात. कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरवर त्याचं डोकं छाटतात आणि खोडात मधोमध चार-पाच सेंटिमीटर उभी चीर देतात. हापूसची काडी तितक्याच जाडीची, तीन-चार महिन्यांची, शेंड्याचा डोळा टपोरा असलेली. तिची पानं आठवडाभर आधीच काढून ठेवलेली असतात, म्हणजे डोळे फुगतात. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासून चिरेत बसवतात. सालीला साल भिडली पाहिजे, निदान एका बाजूनं तरी, कारण विभागणाऱ्या पेशींचा थर तिथेच आहे. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळतात आणि रोप पिशवीत लावतात. सरावाच्या हाताला हे सगळं एक-दोन मिनिटांचं. कोयीत अजून शिदोरी शिल्लक असते, तिच्यावर जोड भरून येतो आणि दोन-तीन आठवड्यांत हापूसचा डोळा फुटू लागतो. मुळं रायवळाची, काटक, सोटमुळाची. वरचा भाग फळणाऱ्या हापूसचा.

खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, निवडण्यात मोठी विद्या आहे. पालघरकडचा चिकू खिरणीच्या खुंटावर, नागपुरी संत्रं जंबेरी या लिंबाच्या खुंटावर डोळा बसवून, नाशिक-सांगलीचं द्राक्ष क्षारपड आणि पाण्याचा ताण सोसणाऱ्या डॉगरिज या द्राक्षवेलीच्या खुंटावर. डॉगरिज स्वतः छाटानं लागतो, मग त्यावर हवी ती जात बांधतात.

नारळ-सुपारीला यातलं काहीच लागू होत नाही. त्यांच्या खोडात तो विभागणाऱ्या पेशींचा थर नसतो, नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, फांदी नसते, वर एकच कोंब असतो. त्यामुळे छाट नाही, कलम नाही, फळच लावायचं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा सुपारी पुन्हा रोपापासूनच सुरू करावी लागली. म्हणूनच बियाण्यासाठी सुपारी घेताना ती दरवर्षी भरपूर धरणाऱ्या, निरोगी, मध्यम वयाच्या झाडाची घेतात.

फांदीच्या वाटेचा एक धोका आहे. ती गुण जसे पुढे नेते तसा रोगही नेते. उसाची गवताळ वाढ हा रोग टिपरीबरोबर एका शेतातून दुसऱ्यात जाते, म्हणून बेण्याला 54 अंश सेल्सिअसची उष्ण दमट हवा देऊन शुद्ध करतात. केळीचे विषाणू मुनव्यांबरोबर जातात. जळगावात ऊतिसंवर्धनाची जी-नाइन केळी पसरण्यामागे एकसारख्या वाढीबरोबर हेही कारण होतं, कारण प्रयोगशाळेत शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून केलेली तपासलेली रोपं रोगमुक्त मिळतात. बियातून बरेचसे विषाणू पुढे सरकत नाहीत, सगळे नव्हेत. म्हणून काडी मागायची ती बहरलेल्या फांदीची आहे की नाही एवढंच पाहून मागू नका, पानं चुरडलेली, ठिपक्यांची, आखडलेली नाहीत ना हे आधी पाहा.

रोपवाटिकेत कलम विकत घेतानाही नजर जोडावर जायला हवी. जोड मातीच्या वर स्पष्ट दिसला पाहिजे, वरची आणि खालची जाडी जवळपास सारखी हवी, प्लास्टिकची पट्टी रुतलेली नसावी. पट्टी असेलच तर जोड भरल्याची खात्री करून लावतानाच ती काढा, नाहीतर खोड जाड होताना ती गळफास होते. लावताना जोड मातीखाली गाडू नका. आणि पहिली दोन-तीन वर्षं जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा बोटानं मोडत राहा. तो रायवळाचा असतो, जोमानं वाढतो, आणि दुर्लक्ष झालं तर वरच्या हापूसला दाबून टाकतो.